बरा झालास ना? मग चल कासारसाईला!

जीबीएसमधून उठलेला मित्र आता चालतो, बोलतो, हसतो. मग तो वीकेण्डच्या प्लॅनला 'बघू' का म्हणतो? हॉस्पिटलचं 'बरं होणं' आणि आपल्या आयुष्यातलं 'बरं होणं' यांच्यामध्ये नेमकं किती अंतर असतं?

शुक्रवारची संध्याकाळ. हिंजवडीतल्या एखाद्या ग्रुपवर मेसेज पडतो, 'उद्या सकाळी कासारसाई?' पाच मिनिटांत सात-आठ अंगठे वर! मुळशी तालुक्यातलं हे गाव आयटी पार्कपासून जेमतेम दहा-बारा किलोमीटर. मारुंजी ओलांडलं की टॉवर मागे पडतात, दोन्ही बाजूंना ऊस लागतो, आणि थोड्या वेळात धरणाचं पाणी दिसायला लागतं. तिकडे जायला ना रजा लागते, ना बुकिंग. गाडी काढायची, भिंतीच्या आसपास भटकायचं, पाण्याकाठी बसायचं, भाजलेलं कणीस खायचं आणि जेवायच्या वेळेपर्यंत घरी. म्हणजे बघा, अगदीच हलकाफुलका प्लॅन.

पण याच ग्रुपमध्ये असा एखादा मेंबर असू शकतो, ज्याच्यासाठी हा प्लॅन एव्हरेस्टच्या बेस कॅम्पइतका मोठा आहे. दिसायला तो एकदम फिट. वजन थोडं कमी झालंय, एवढंच. ऑफिसला यायला लागलाय. सगळे त्याला प्रेमानं विचारतात, "बरा झालास ना आता?" तोही 'हो' म्हणतो. आणि कासारसाईच्या मेसेजवर लिहितो, 'बघू'.

या 'बघू'मागे काय असतं, त्याचीच ही गोष्ट.

पुण्याचा जानेवारी

गुलेन बॅरी सिंड्रोम. फ्रेंच लोक गियाँ-बारे म्हणतात, आणि जानेवारी २०२५ नंतर अख्खं पुणे त्याला नुसतं 'जीबीएस' म्हणून ओळखतं. तोपर्यंत हे नाव न्यूरॉलॉजिस्टच्या केबिनबाहेर फारसं कुणाच्या कानावर पडलं नव्हतं. पडणार तरी कसं? एक लाख लोकसंख्येमागे वर्षाला एखाद-दुसरा रुग्ण, असा हा दुर्मीळ आजार.

आणि मग सिंहगड रोड परिसरात एकामागोमाग एक पेशंट अॅडमिट व्हायला लागले. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला, धायरी... टीव्हीवर रोज आकडा वाढत होता. हाउसिंग सोसायट्यांच्या ग्रुपवर पाणी उकळण्याचे मेसेज फिरत होते. बटर चिकनवाले आणि पनीरवाले एकाच वेळी टेन्शनमध्ये आले होते. मार्च उजाडेपर्यंत संशयित रुग्णांची संख्या सव्वादोनशेच्या घरात गेली. काहींचा जीवही गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात आली. वयोगटानुसार रुग्णांची जी यादी निघायची, तिच्यात सगळ्यात मोठा आकडा कुणाचा होता माहितीय? २० ते २९ वर्षांच्या तरुणांचा. म्हणजे तुमचा-आमचा. ज्यांचं पहिलं अप्रेझल नुकतंच झालंय, फ्लॅटचा हप्ता सुरू झालाय, लग्नाचं बघणं चाललंय, त्यांचा!

बातम्या थांबल्या. रुग्ण मात्र कुठे जातात? ते घरी येतात. आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

आपलेच सैनिक, आपल्याच तारा

आधी थोडं सायन्स. घाबरू नका, परीक्षा नाही!

पोट बिघडवणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरच्या अंगावर काही साखरेचे रेणू असतात. ते नेमके आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखेच दिसतात. शरीराची संरक्षण यंत्रणा जिवाणूविरुद्ध अँटिबॉडीज तयार करते, जिवाणूला हरवतेही. पण मग त्याच अँटिबॉडीज सारख्या चेहऱ्यामुळे फसतात आणि आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात. चोर सोडून घरमालकालाच धरावं, तसा प्रकार. पोट बिघडून गेल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांत पायाला मुंग्या येतात, मग पाय जड होतात, मग जिना चढवत नाही. अशक्तपणा पायांकडून वर सरकत जातो. हात, चेहरा, गिळणं आणि काही जणांत श्वाससुद्धा. चारपैकी साधारण एका रुग्णाला व्हेंटिलेटर लागतो.

म्हणून काय पोट बिघडलेला प्रत्येक जण धोक्यात? मुळीच नाही. कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या हजारातल्या एखाद्यालाच जीबीएस होतो. आणि तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. पेशंटच्या शेजारी बसा, हात धरा, बिनधास्त.

उपचार दोन. एक, आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडीजची सलाइन. दुसरा, प्लाझ्मा बदलणं. दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच. आयव्हीआयजीचा डोस वजनावर ठरतो. साठ किलोच्या माणसाला पाच दिवसांत १२० ग्रॅम लागतं. एक बाटली पाच ग्रॅमची धरली तर चोवीस बाटल्या! आणि २०२५ च्या साथीत एकेका बाटलीची किंमत वीस हजारांच्या आसपास सांगितली जात होती. हिशेब तुम्हीच करा. म्हणूनच तेव्हा मोफत उपचारांची घोषणा करावी लागली. पिंपरी-चिंचवडकरांसाठी वायसीएम, पुणे शहरासाठी कमला नेहरू आणि ग्रामीण भागासाठी ससून.

हा आजार पहिल्यांदा नीट ओळखला गेला तो १९१६ मध्ये. पहिलं महायुद्ध चालू असताना गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी अचानक लुळ्या पडलेल्या दोन सैनिकांची नोंद केली. ते सैनिक सावरत गेले आणि तेव्हापासून या आजाराला एक चांगलं सर्टिफिकेट चिकटलं, 'यातून माणूस बरा होतो'. ते बऱ्याच अंशी खरंच आहे. सहा महिन्यांनी दहापैकी आठ जण कुणाच्याही आधाराशिवाय चालतात.

पण चालणं म्हणजेच सगळं का?

शरीर ऑफ, डोकं ऑन

जीबीएसमध्ये हल्ला होतो तो मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या बाहेर पसरलेल्या तारांवर. मेंदू शाबूत राहतो. ऐकून हायसं वाटतं ना? आता जरा उलट बाजूनं विचार करा.

तुम्ही आयसीयूमध्ये आहात. हात हलत नाही, पाय हलत नाही. घशात नळी, त्यामुळे आवाज नाही. चेहऱ्याचे स्नायू गेलेत, त्यामुळे हसताही येत नाही आणि रडताही येत नाही. काही जणांच्या तर पापण्यासुद्धा पूर्ण मिटत नाहीत. पण ऐकू सगळं येतंय! मॉनिटरची टिकटिक, शेजारच्या बेडवरची धावपळ, काचेपलीकडे बिलाबद्दल चाललेली काका-मामांची कुजबुज. पाठीला कळ लागलीय, कड बदलून हवीय, पण सांगणार कसं? वेदना या आजारात बहुतेकांना होतात आणि त्याच सगळ्यात कमी दिसतात. कारण वेदना दाखवायला लागणारा चेहराच बंद पडलेला असतो.

अशा वेळी घरचे काय करतात? प्रेमापोटीच, पण पेशंटच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात. "याला काही कळत नाहीये" असं गृहीत धरतात. खरं तर याला सगळं कळतंय, हीच तर गोची आहे.

यावर एक स्वस्त आणि मस्त उपाय आहे. पुठ्ठा आणि स्केचपेन! पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. अख्खी बाराखडी डोळ्यांनी गिरवत बसण्यापेक्षा नेहमी लागणारी दहा-बारा वाक्यं मोठ्या अक्षरात लिहायची. 'कड बदला', 'कफ झालाय', 'दुखतंय', 'गरम होतंय', 'लाइट बंद करा', 'आई कुठे आहे', 'भीती वाटतेय'. एकेका वाक्यावर बोट ठेवत जायचं आणि पापणीकडे बघायचं. शेवटचं वाक्य लिहायला विसरू नका. सगळ्यात जास्त गरज त्याचीच लागते.

आणि हो, रोज सकाळी तारीख-वार सांगायचा. बाहेर पाऊस आहे का, मॅच कोण जिंकलं, ऑफिसमध्ये काय चाललंय, सांगत राहायचं. ज्याच्या हातात काहीच उरलेलं नाही, त्याच्या हातात निदान आजचा दिवस तरी द्यायचा.

बेड कललाय का हो?

आता थोडी विचित्र वाटेल अशी गोष्ट. मेंदू शाबूत, तरीही काही पेशंटना भास होतात.

पॅरिसमधल्या डॉक्टरांनी आयसीयूतल्या १३९ जीबीएस रुग्णांचा अभ्यास करून २००५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातल्या ३१ टक्के रुग्णांना विलक्षण जिवंत स्वप्नं, भास किंवा भ्रम झाले होते. त्याच आयसीयूतल्या, जीबीएस नसलेल्या रुग्णांमध्ये हे प्रमाण १६ टक्के होतं. कुणाला आपलं शरीर कललंय असं वाटायचं, कुणी तरंगायचं, कुणाला खोलीत नसलेली माणसं दिसायची. जागेपणी स्वप्न पडावं, तसं.

असं का व्हावं? विचार केला तर फार गूढ नाही. हातापायांकडून मेंदूला येणारे निरोप बंद पडलेले, झोपेचं चक्र विस्कटलेलं, रात्रंदिवस सारखाच पांढरा उजेड. अशा वेळी मेंदू रिकाम्या जागा स्वतःच भरायला लागतो.

यातली गंमत म्हणा, शोकांतिका म्हणा, ती पुढे आहे. भास निघून जातात, पण ते कुणाला सांगितलेच जात नाहीत. नळी निघाल्यावर पेशंट गप्प बसतो. 'मला वेड लागलं होतं का?' हा प्रश्न तो गिळून टाकतो, कारण घरच्यांनी आधीच इतकं सोसलेलं असतं. मग महिनोन्महिने झोपेत दचकून जागं होणं चालू. कुणीतरी आधीच सांगितलं असतं, की 'बाबा रे, हे या आजारात होतं, बऱ्याच जणांना होतं, आणि जातं', तर केवढं ओझं हलकं झालं असतं!

दहा मीटरची परीक्षा

डॉक्टर जीबीएसची तीव्रता मोजायला एक साधी पट्टी वापरतात. शून्य म्हणजे ठणठणीत. एक म्हणजे किरकोळ त्रास, पण पळता येतं. दोन म्हणजे दहा मीटर आधाराशिवाय चालता येतं, पळता येत नाही. तीन म्हणजे आधार घेऊन चालणं, चार म्हणजे बेड किंवा खुर्ची, पाच म्हणजे व्हेंटिलेटर. आणि सहा म्हणजे... नकोच.

पाचावरून दोनावर येणं ही केवढी मोठी झेप आहे! फिजिओथेरपिस्ट, नर्स, डॉक्टर, घरचे, सगळ्यांची कित्येक महिन्यांची मेहनत त्यात असते. ज्याचं फक्त मज्जातंतूवरचं आवरण खराब झालंय, तो त्या मानानं लवकर सावरतो. ज्याची आतली तारच तुटलीय, त्याची तार दिवसाला जेमतेम एक मिलिमीटरच्या वेगानं वाढते. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजा आणि मिलिमीटरनं भागा. वर्षंच निघतात. म्हणून काही जणांचं पाऊल बराच काळ घसटतं, चप्पल पायातून निसटते, शर्टचं बटण लावताना बोटं रुसतात.

आता ही पट्टी घेऊन कासारसाईला या.

दहा मीटर म्हणजे किती? पार्किंगपासून कणीसवाल्यापर्यंतसुद्धा नाही! मग भिंतीपर्यंतची वाट, तीही खडबडीत. उतारावर पाऊल कुठे पडतंय ते बघत चालायचं. बसायला खुर्ची नाही, दगडावर टेकायचं. टेकणं सोपं असतं, उठणं अवघड. पब्लिक टॉयलेट कुठे, हा प्रश्न वेगळाच. परत येताना गाडी कोण चालवणार? क्लचवरचा पाय वेळेवर उचलला जाईल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, रविवारचा अख्खा दिवस यातून सावरण्यातच जाणार असेल, तर सोमवारी लॉगइन कसं करणार?

म्हणजे हॉस्पिटलच्या पट्टीवर ज्याला 'दोन' मिळाले, तो कागदावर पास आहे. कासारसाईच्या पट्टीवर मात्र तो अजून परीक्षेच्या हॉलबाहेर उभा आहे. 'क्वालिटी ऑफ लाइफ' हा जड शब्द डॉक्टर मंडळी वापरतात ना, त्याचा साधा अर्थ इतकाच. तुम्हाला जे करावंसं वाटतं, ते तुम्हाला करता येतं का?

न दिसणारा थकवा

या सगळ्यात मोठा व्हिलन कोण? अशक्तपणा नव्हे. थकवा!

आपला थकवा वेगळा. डेडलाइन संपली, दोन रात्री झोप काढली, की गेला. जीबीएसनंतरचा थकवा झोपेनं जात नाही. स्नायूंची ताकद परत आल्यावरही तो राहतो. वेगवेगळ्या अभ्यासांमध्ये ६० ते ८० टक्के रुग्णांनी त्याची तक्रार केलीय. आणि त्याचा तपासणीत दिसणाऱ्या ताकदीशी फारसा संबंध नसतो. म्हणजे डॉक्टर हात दाबून बघतात, पाय ढकलून बघतात आणि म्हणतात, "उत्तम!" पेशंटला मात्र दुपारी तीन वाजता कुणीतरी प्लग काढल्यासारखं वाटतं.

प्लग निघाला की डोकंही मंदावतं. मीटिंगमध्ये तिसऱ्या स्लाइडनंतर शब्द नुसते कानावरून जातात. मेल तीनदा वाचावा लागतो. अगदी ओळखीचा शब्द ऐन वेळी सापडत नाही. इथे पेशंट घाबरतो, 'माझ्या मेंदूवर परिणाम झालाय का?' जीबीएसमध्ये बहुतेक वेळा तसं नसतं. अपुरी झोप, दुखणं, आयसीयूतले दिवस, मनाची उदासी आणि हा थकवा, सगळे मिळून लक्ष खाऊन टाकतात. यंत्र ठीक आहे, पण बॅटरी वीस टक्क्यांवर चाललीय, असं समजा.

शिवाय भीती आहेच. पायाला साधी मुंगी आली, तरी पोटात गोळा येतो. 'परत तेच तर नाही ना?' जीबीएस पुन्हा होतो तो शंभरातल्या दोन ते पाच जणांनाच. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, पण रात्री अडीच वाजता आकडे आठवत नाहीत.

नेदरलँड्समध्ये २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजाराला तीन ते सहा वर्षं उलटून गेलेल्या १२२ जणांना त्यांच्या आयुष्याबद्दल विचारलं होतं. ३८ टक्के लोकांना जीबीएसमुळे काम बदलावं लागलं होतं. ४४ टक्के लोकांनी आपले छंद, खेळ, फिरणं यांत बदल केला होता. तीन ते सहा वर्षांनंतर, बरं का! म्हणजे आपल्या ग्रुपचा मेंबर सहा महिन्यांत कासारसाईला 'बघू' म्हणत असेल, तर तो नखरे करत नाहीये.

मग यावर काहीच इलाज नाही का? आहे, आणि तो थोडा अनपेक्षित आहे. सायकल! त्याच देशात २००४ मध्ये वीस रुग्णांच्या एका छोट्या गटाला बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली सायकलिंगचा व्यायाम दिला. त्यांचा थकवा साधारण २० टक्क्यांनी कमी झाला आणि तब्येतीवरचा विश्वासही वाढला. थकव्यावरचं औषध म्हणून अमँटाडिन ही गोळीही देऊन बघितली गेली, पण तिचा उपयोग झाला नाही. म्हणजे गोळीनं जमलं नाही, ते पायडलनं थोडंफार जमलं. मात्र नीट ऐका, 'उद्यापासून जिम लाव' असं याचं भाषांतर करू नका. किती करायचं, कधी थांबायचं हे फिजिओथेरपिस्टच ठरवणार. जोशात जास्त केलं, तर पुढचे दोन दिवस आडवं!

पाण्याच्या पलीकडचा पेशंट

आतापर्यंत आपण गाडी घेऊन कासारसाईला जाणाऱ्यांचा विचार केला. आता जरा कासारसाईतच राहणाऱ्याचा करू या.

समजा, दोन जण आहेत. दोघंही सव्वीस वर्षांचे, दोघांनाही एकाच आठवड्यात जीबीएस झाला, दोघंही पट्टीवर 'दोन'पर्यंत आलेत. एक हिंजवडीत कोडिंग करतो, दुसरा कासारसाईत राहतो आणि उसाच्या वाहतुकीवर ट्रॅक्टर चालवतो.

पहिल्याकडे कंपनीचा इन्शुरन्स आहे, लिफ्ट आहे, घरून काम करायची सोय आहे, चार किलोमीटरवर फिजिओथेरपी सेंटर आहे. त्याचं काम बोटांनी आणि डोक्यानं होतं. थकवा त्याचाही शत्रू आहेच, पण तो दुपारी अर्धा तास लॅपटॉप मिटू शकतो.

दुसऱ्यासाठी ससून तीसेक किलोमीटर लांब आहे. फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा जायचं, म्हणजे त्याच्याबरोबर घरातला आणखी एक माणूस तीन दिवस कामावरून गेला. ट्रॅक्टर 'वर्क फ्रॉम होम' चालत नाही. पाऊल ब्रेकवर भक्कम बसत नाही तोवर त्याला स्टिअरिंगवर बसवणार कोण? गावाजवळच संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. त्याचा गळीत हंगाम हिवाळ्यात असतो, आणि पुण्याची साथही नेमकी जानेवारीतच आली होती. असा एक हंगाम हुकला, की वर्षाची कमाई हुकली. आजार एकच, अँटिबॉडीज त्याच, पट्टीवरचा आकडाही तोच. आयुष्य मात्र सारखं नाही.

म्हणून मोफत इंजेक्शन ही अर्धीच मदत आहे. जीव वाचवायला ते हवंच. पण नंतरचे सहा महिने ते वर्षभर, गावाजवळ फिजिओथेरपी मिळाली, येण्या-जाण्याची सोय झाली, कुणी मनाची चौकशी केली, तर वाचलेला जीव पुन्हा कामाला लागेल. साथीच्या बातम्यांमध्ये या गोष्टीला हेडलाइन मिळत नाही, कारण ती रोज थोडी थोडी घडते.

चौकट: जेव्हा हल्ला मेंदूवरच होतो

जीबीएसची काही चुलत भावंडं आहेत. तीही ऑटोइम्यून, म्हणजे शरीरानं शरीरावरच केलेले हल्ले. फरक इतकाच, की इथे निशाण्यावर मेंदू, मज्जारज्जू किंवा डोळ्यांची नस असते.

अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्केफलायटिस: डॉ. जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी हा २००७ मध्ये उलगडला. बहुतेक रुग्ण तरुण मुली. सुरुवात होते संशय, बडबड, निद्रानाश यांनी. त्यामुळे आधी मानसोपचार, आणि आपल्याकडे कधी कधी थेट 'बाहेरचं काहीतरी'! न्यूयॉर्कची तरुण पत्रकार सुझॅना कॅहॅलन २००९ मध्ये यातून गेली आणि 'ब्रेन ऑन फायर' या तिच्या पुस्तकानं हा आजार जगभर पोचवला. ५०१ रुग्णांवरच्या २०१३ च्या अभ्यासात दोन वर्षांनी ८१ टक्के रुग्ण चांगले सावरले होते. मात्र स्मरणशक्ती आणि कामांची आखणी सर्वांत शेवटी परत येते.

एनएमओ: डोळ्यांची नस आणि मज्जारज्जू यांवर हल्ला. स्त्रियांमध्ये फार जास्त. २००४ मध्ये याची खास अँटिबॉडी सापडली, तोवर त्याला मल्टिपल स्क्लेरॉसिसच समजलं जायचं. विचारांचा वेग आणि एकाग्रता यांवर परिणाम होऊ शकतो.

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस: या कुटुंबातला सगळ्यात परिचित सदस्य. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत त्याचं नाव आहे.

घरात एखादी तरुण व्यक्ती काही दिवसांत एकदम बदलली, आकडी आली, बोलणं तुटलं, तर मांत्रिक नको आणि 'टेन्शन असेल' हेही नको. न्यूरॉलॉजिस्ट गाठा.

बॉस, मित्र आणि 'पण तू तर छान दिसतोस'

जीबीएसमधून उठलेल्या माणसाला सगळ्यात जास्त टोचणारं वाक्य कुठलं असेल? 'अरे, तू तर एकदम छान दिसतोस!' म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे आता थकलो म्हणायचीही सोय राहिली नाही.

तुम्ही टीम लीड असाल, तर चार गोष्टी करता येतील आणि कंपनीचं दिवाळंही निघणार नाही. परत येणाऱ्याला पहिल्या दिवसापासून नऊ तास बसवू नका. अर्धा दिवस, मग पाऊण, मग पूर्ण. अवघड काम सकाळी द्या, दुपारी साधं. मीटिंगनंतर मुद्दे लिहून पाठवा, म्हणजे लक्ष निसटलं तरी काम निसटणार नाही. आणि पार्किंग लिफ्टजवळ द्या. बस्स!

कायदाही थोडा पाठीशी आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं, म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. खासगी कंपनीनंही समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं. तुमच्या कंपनीचं ते कुठे आहे, एचआरला एकदा विचारून बघा. चेहरे बघण्यासारखे होतील!

मित्रांसाठी तर याहून सोपं. 'येतोस का?' असं विचारून सोडून देऊ नका, कारण त्याचं उत्तर 'बघू'च येणार. 'तासाभरात परत येऊ, गाडी मी चालवतो, फोल्डिंग खुर्ची डिकीत टाकलीय, कंटाळलास तर लगेच निघू' असं सांगा. बघा, प्लॅन तोच, पण आता त्याला हो म्हणता येतं. त्यानं ऐन वेळी नाही म्हटलं, तर राग नको आणि पुढच्या वेळी ग्रुपमधून वगळणंही नको. आमंत्रण येत राहणं हासुद्धा उपचारच आहे.

आणि तुम्ही स्वतःच ते पेशंट असाल तर? आपला थकवा वहीत लिहा. किती वाजता येतो, कशानंतर येतो, किती वेळ राहतो. दोन आठवड्यांत त्याचा पॅटर्न दिसायला लागेल आणि डॉक्टरांपुढे 'कसंतरी होतं' म्हणण्याऐवजी नेमकं सांगता येईल. आयसीयूतले भास आठवत असतील, तर एकदा कुणाला तरी सांगून टाका. उदासी दोन-तीन आठवडे हटत नसेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. नसांवर हल्ला झाला तेव्हा लाज वाटली नव्हती ना? मग मनाची दुरुस्ती करतानाच कशाला?

चौकट: हे लक्षात ठेवा

* पोट बिघडून किंवा ताप येऊन गेल्यावर दोन्ही पायांना मुंग्या, जडपणा, जिना चढताना त्रास, आणि तो दिवसागणिक वाढतोय? थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा.
* गिळताना त्रास, धाप, आवाज बसणं, चेहरा वाकडा होणं, ही लक्षणं असतील तर एक तासही थांबू नका.
* उपचार लवकर सुरू झाले तर फायदा जास्त. जीबीएसमध्ये स्टेरॉइडच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही, त्यामुळे ओळखीच्या मेडिकलमधून परस्पर काही घेऊ नका.
* पाणी उकळून प्या, चिकन पूर्ण शिजलेलं खा, कच्च्या चिकनची सुरी सॅलडला लावू नका. पिकनिकला पाणी घरून न्या. कुठल्याही धरणाचं, विहिरीचं, टँकरचं पाणी दिसायला स्वच्छ असलं, तरी जिवाणू डोळ्यांना दिसत नाही.

पुण्यात २०२५ मध्ये जे घडलं, तसंच पेरूमध्येही घडलं होतं. (फळ नव्हे, देश!) जुलै २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं जीबीएससाठी ९० दिवसांची आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती. आणीबाणी संपते, तारीख ठरलेली असते. पेशंटच्या थकव्याला अशी तारीख नसते. म्हणून आपल्या ओळखीत असं कुणी असेल, तर 'बरा झालास ना?' हा प्रश्न थोडा बदलून बघा. 'आज किती टक्के बॅटरी?' असं विचारा. उत्तर चाळीस आलं, तर चाळीस टक्क्यांत बसेल असा प्लॅन करा. दोघांनाही मजा येईल.